जुन्या चर्चमधला गाभारा

मंडळी, आज दुबई मरीनातल्या ऑफिसात माझं पहिलं प्रेझेंटेशन होतं. युरोपातल्या एका मध्ययुगीन कॅथलिक चर्चचं थ्रीडी मॉडेल आम्ही बनवतोय.

स्क्रीनवर टोकदार कमानी, भिंतीवर रंगवलेले संत आणि वेदीच्या जागी माझ्या हातून राहून गेलेलं लेबल: ‘गाभारा’!

व्हिडिओ कॉलवरच्या त्या चर्चच्या फादरनी विचारलं, “हे काय लिहिलंय?” शेजारी सर पुटपुटले, “खलास!”

मी सरळ सांगितलं, “माझ्या आईला वाचता येत नाही. तिला चर्च समजावताना मी देवळाचे शब्द वापरते. गाभारा म्हणजे देवाची सगळ्यात आतली जागा. तोच शब्द इथे उतरला.”

फादर हसले. “मग तिला ही चित्रं दाखवाच. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठीच ती काढली होती. पुढची मीटिंगही तुम्हीच घ्या.”

संध्याकाळी शारजात अल मजाजला घरी आल्यावर आईला मॉडेल दाखवलं. तिने संत पाहिले, हात जोडले आणि मॉडेलमध्ये फिरणाऱ्या माणसांवर बोट ठेवलं. “अगं, गाभाऱ्यात बूट घालून कशी फिरतायत ही?”

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. आता प्रत्येक मॉडेल आधी आईला दाखवणार, मग क्लायंटला. तुमचं काम घरी कोणत्या शब्दांत सांगता?