परत पाण्यात

पडद्यावर माझी आई होती. छातीएवढ्या पाण्यात, पदर गळ्याला चिकटलेला, बिस्किटाच्या पुड्यासाठी हात पसरून. कोल्हापुरातल्या गारेगार हॉलमध्ये पाणी आणि हवामानबदलाच्या बातम्या कशा करायच्या याचं प्रशिक्षण चाललं होतं. आम्ही तालुक्याचे वार्ताहर मागच्या रांगेत.

"हा फोटो माझाच," शिकवणारे सर म्हणाले. "बक्षीस मिळालंय याला. खाली ओळ सुचवा."

"निसर्गापुढे हतबल," एक जण म्हणाला. टाळ्या पडल्या. "चेहरा आणखी दीनवाणा हवा होता," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुरात हा फोटो काढला त्या दिवशी मी तिथं होते. आम्ही कुरुंदवाडचे पिंजारी, गाद्या भरणारे. घरात पाणी शिरलं तशी अम्मा कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन निघाली. कापूस कोरडा राखून शाळेच्या पायऱ्या चढली. वर हेच सर, कॅमेरा घेऊन. "मावशी, गाठोडं ठेवा खाली. परत जरा पाण्यात उतरा. या बिस्किटाच्या पुड्यासाठी हात पुढे करा." मोठा माणूस सांगतोय, मदत येईल, म्हणून ती उतरली. ओल्या पायरीवर ठेवलेला कापूस भिजून गेला. उभ्या जन्मात कुणापुढं हात न पसरलेली बाई पेपरात हात पसरून छापली. खाली नावसुद्धा नाही. 'एक पूरग्रस्त महिला.' बायका विचारायच्या, "एवढी उपाशी हुतीस व्हय गं?" अम्मानं लग्नाकार्यात जाणं सोडलं.

मी उभी राहिले.

"ती माझी आई हाय. पाण्यातनं वर आलती. तुम्ही तिला परत उतरवलंसा."

सर उलट खुलले. "अरे वा! उद्या आपली गाडी तिकडेच जातेय. आईला नदीच्या घाटावर आण. तीच साडी, तोच हात. तेव्हा आणि आता! पानभर छापू, तुझ्या नावानं."

माझं नाव तोवर कधीच छापलं नव्हतं. नुसतं 'आमच्या वार्ताहराकडून'. शेजारचा कुजबुजला, "घे की पदरात पाडून." नाव हवंच होतं मला, खोटं कशाला बोलू?

"अम्मा पाण्यात उतरणार न्हाय."

"मग प्रशिक्षणाला आलीस कशाला?"

"बातमी शिकायला. पाणी का चढलं, नदीकाठी भराव कुणी टाकला, ते अजून शिकवायचं ऱ्हायलंय, सर."

"खाली बस."

मी बसले नाही. फोटो पडद्यावरून जाईपर्यंत उभी राहिले.

माझं नाव अजून छापायचं आहे. छापेन, पण अम्माला पाण्यात उभं करून नाही. पुढच्या पुरात मी त्याच पायऱ्यांवर असेन. वर आलेल्या माणसाला जो परत पाण्यात उतरवेल, त्याचा फोटो मी काढणार. आणि खाली त्याचं नाव लिहिणार. पूर्ण नाव.