चारशे बारा नावं आणि टायपिंगवाल्या काकू

बाजार नव्या जागेत हलवायचा म्हणून पालिकेच्या बाजार कार्यालयानं गाळेधारकांची यादी जाहीर केली. नाव नसेल त्यानं सोमवारी पाचच्या आत हरकत नोंदवायची, नाहीतर गाळा गेला. यादी संकेतस्थळावर टाकली तीही फोटो काढून. नुसती बघायची; एक अक्षर कॉपी होईल तर शपथ. साहेब लोकांची ही हुशारी मी चांगली ओळखतो. चारशे बारा नावं आमच्या गाळेधारक संघटनेनं केलेल्या पाहणीच्या यादीशी हातानं ताडत बसा आणि मुदत घालवा!

सोमवारी दुपारी एकला मी टायपिंगवाल्या काकूंकडे धडकलो. कार्यालयासमोरच्या जिन्याखाली त्यांचं दुकान. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन स्टुलं. चाळीस वर्षं त्या लोकांचे अर्ज टाइप करतात. आमची पाहणीची यादीही त्यांनीच केलेली.

"चारशे नावं ताडायचीत, रात्र होईल," मी म्हणालो.

"बसा, पुढारी. घाम पुसा."

त्यांच्या लेकीनं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. पडद्यावर माउसनं चौकट ओढायची, आतला मजकूर वाचून ते टाइप केल्यासारखा समोर ठेवतं. काकूंनी एकेका पानाला चौकट मारली. दहा मिनिटांत चारशे बारा नावं! दोन्ही याद्या कॉम्प्युटरनंच ताडल्या. गळालेली नावं निघाली एकसष्ट.

मी उठलोच. "द्या प्रिंट! एकसष्ट! आता दाखवतो एकेकाला."

"वाचल्याशिवाय माझ्या दुकानातून कागद जात नाही."

"मशीननं वाचलंय ना!"

"मशीननं वाचलंय. मी कुठं वाचलंय?"

त्यांनी जावेला हाक मारली. या दोघींची पद्धत अशी, की कागद खालून वर वाचायचा. वरून वाचलं की मन डोळ्याच्या पुढं पळतं, म्हणे. जाऊबाई पडद्यावरची मूळ यादी तळापासून वाचायला लागल्या, काकू मशीननं वाचलेल्या यादीच्या प्रिंटवर पेन्सिल फिरवायला लागल्या. माझं डोकं फिरलं. तिकडं गाळे गेले तर भाजीवाल्या बायका रस्त्यावर येणार, आणि इथं यांचं निवांत पारायण! दुकानाबाहेर ऐकू जाईल इतका मी ओरडलो. काकूंची पेन्सिल चालूच.

"थांब गं," त्या जावेला म्हणाल्या. "छत्रीवाल्याला शेजारच्या रांगेतल्या भाजीवालीचं आडनाव लागलंय."

"अगं बाई! परस्पर लग्न लावलं की काय यानं?"

दोघी खळखळून हसल्या. मला हसू आलं नाही, कारण मला कळलं होतं. पानावर नावांच्या दोन उभ्या रांगा. लांब नाव दुसऱ्या ओळीत उतरलं की सॉफ्टवेअरनं आडवं सरळ वाचत ते पलीकडच्या रांगेला चिकटवलेलं. म्हणून ती नावं जुळली नाहीत. एकसष्टातली बरीच नावं यादीत होतीच! तो कागद नेला असता तर साहेबांनी पहिल्या खोट्या नावाला बोट लावून सगळा गठ्ठा माझ्या तोंडावर मारला असता.

"चूक माझी," काकू म्हणाल्या. "अख्ख्या पानाला एकच चौकट मारली. त्याला बिचाऱ्याला रांग काय कळणार?"

त्यांनी एकेका रांगेला वेगळी चौकट मारली, पुन्हा ताडलं, पुन्हा खालून वाचलं. गळालेली खरी नावं निघाली एकोणीस. साडेचारला प्रिंट आणि एकोणीस हरकतींचे अर्ज माझ्या हातात पडले.

खिडकीवरच्या कारकुनानं मला बघून तोंड वाकडं केलं. "तुमच्या याद्या म्हणजे निम्म्या हवेत."

"यातलं कुठलंही नाव काढा आणि तुमच्या यादीत शोधा," मी म्हणालो.

त्यानं तीन काढली. त्याच्या यादीत एकही सापडलं नाही. चौथं त्यानं काढलं नाही. एकोणीस अर्जांवर शिक्के मारले. पंधरवड्यानं सुधारित यादी लागली, तीत एकोणीसही नावं होती.

मी सहसा माफी मागत नाही. त्या दिवशी काकूंकडे मागायला गेलो.

"ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी सकाळी या."