ठरावात सापडलेली बंदूक

ज्ञानेश्वर गुरुजींच्या अक्षरानं आजवर कोणाचं वाईट केलं नव्हतं. परवा मात्र त्याच वळणदार अक्षरानं बेबीताईंचं दुकान बंद पाडलं.

झालं असं, की डोणगावच्या ग्रामसभेत मोबाइलवरच्या मारधाडीच्या खेळांचा विषय निघाला. कोणी म्हणालं, सरकारनं बंदीच घालावी. कोणी म्हणालं, एक बंद केला की तोच खेळ दुसरं नाव लावून येतो. मागून एक म्हातारा बोलला, "बांधावरून कुऱ्हाडी निघत, तवा कोणता गेम होता बे?" सभा हसली, आणि ठराव लिहायचं काम रिवाजाप्रमाणं निवृत्त गुरुजींकडं आलं.

गुरुजी आधीच तापलेले. त्यांची आठवीतली नात सुवर्णा एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात मोबाइल धरून "मार त्याले, मार!" असं ओरडत जेवायची. पहिला नंबर आला म्हणून तो मोबाइल गुरुजींनीच घेऊन दिला होता, एवढं सभेत सांगायचं राहून गेलं. त्यांनी लिहिलं, 'बंदुकीने नेम धरण्याचा कोणताही खेळ गावाच्या हद्दीत चालू देऊ नये. शासनानेही त्यावर बंदी घालावी.' ठराव एकमतानं मंजूर.

शासन लांब, मोबाइल ज्याच्या त्याच्या खिशात. पंचायतीचा शिपाई पुंजाजी ठराव घेऊन बाजारात निघाला, तर त्याला अख्ख्या गावात बंदूक सापडली एकच. बेबीताईंची, फुगे फोडायची.

ऐकलं तसे गुरुजी धावत बाजारात गेले. बेबीताई आपल्या निळ्या फळीला पाठ टेकून बसल्या होत्या. फळीवरचे फुगे उन्हानं आपोआप फुटत होते.

"या गुरुजी. तुमचं काम ऊनच करून राह्यलं."

बेबीताई जानेफळच्या. बावीस वर्षं जानेफळ, डोणगाव, दुसरबीड असे बाजार धरून त्यांनी घर चालवलं, मुलीला नर्सिंगला घातलं. गुरुजी वरमून म्हणाले, "मी मोबाइलबद्दल लिहिलं होतं हो."

"मंग मोबाइल लिवाचं. माह्या बंदुकीनं आजवर फुग्याबिगर कोणाचं काय फोडलं?"

"दुरुस्ती लिहितो. पण सभेत विचारतील, हिचीच बंदूक काऊन सोडली? तुमचा काही नियम आहे का?"

"हाय ना. नळी माणसाकडं वळली का बंदूक हिसकून घ्याची. दहा छर्रे झाले का घरी. अन् रागात आलेल्याले द्याचीच नाही."

"राग कसा ओळखता?"

"तोंड पाहून. दुसरबीडले एक गडी भावासंग भांडून आला. म्हणे, छर्रे दे. म्या म्हटलं, फुगे संपले, आधी फुगव. चार फुगे फुगवले अन् गडी खालीच बसला. दम गेला, रागही गेला. पाणी पेला, घरी गेला."

गुरुजींना हसू आलं. मग ते ओसरलं. सुवर्णा खेळताना तिचं तोंड कसं दिसतं, ते त्यांना आठवेना. तिला ओरडताना ते नेहमी दुसऱ्या खोलीतून ओरडत.

त्यांनी मांडीवर कागद घेतला आणि खूप खाडाखोड करून लिहिलं, 'ज्या खेळाजवळ खेळणाऱ्याच्या तोंडाकडे पाहणारे जाणते माणूस उभे असते, तो खेळ या ठरावातून वगळावा.' वाचून दाखवलं. बेबीताईंनी मान हलवली आणि नवीन फुगा ओठाला लावला.

कागदाची घडी घालता घालता गुरुजी म्हणाले, "तुमचं सुटलं, बेबीताई. पण त्या मोबाइलजवळ कोणी उभं राहायचं? सरकारनं?"

बेबीताईंनी फुग्याला गाठ मारली.

"ज्यानं घेऊन देला, त्यानं."