मयत परवानाधारकाची बंदूक

मी ठाणेदार असतानाची पालेगावची ती घटना अजून मनातून जात नाही. निवडणूक जाहीर झाली होती. अशा वेळी परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून पावती द्यायची असते. यादीतली एकच राहिली होती, पिकाच्या राखणीसाठी दिलेली जुनी ठासणीची. हवालदार गावात जाऊन हात हलवत परतला.

"साहेब, परवानाधारक दीड वर्षापूर्वी वारला. त्याची म्हातारी म्हणते, बंदूक त्याच्यासोबत गेली."

"चितेवर ठेवली काय?"

"मीपण तेच विचारलं. म्हणाली, तू व्हतास का तिथं?"

त्याच आठवड्यात गावालगतच्या नव्या इमारतीचा रखवालदार आपणहून ठाण्यात आला. "साब, म्हातारीच्या शेतात रोज सांजेला बार होतो. गाववाले बोलते हैं, बुढ्ढा अजून राखण करतोय. मी नोकरी सोडीन, पण तिकडे जाणार नाय."

संध्याकाळी मी आणि हवालदार बांधावर बसलो. तीन बाजूंना इमारती, चौथ्या बाजूला म्हातारीचं घर. रानडुकरं कधीच गेलेली. दिवस मावळता मावळता बार झाला. शेतात कोणी नव्हतं. धूर मात्र कणसांवरून, माणूस चालत यावा तसा, आमच्याकडे येत राहिला. हवालदाराने माझी बाही धरली. मी ती सोडवून घेतली नाही.

सकाळी महिला शिपाई घेऊन म्हातारीच्या घरी गेलो. तासभर विचारलं, बंदूक त्याच्यासोबत गेली एवढंच ती सांगत राहिली. मी पाणी मागितलं. तांब्या देताना तिचा पदर सरला. उजव्या गालावर बंदुकीच्या दारूने भाजल्याचे बारीक काळे ठिपके होते.

"आजी, बार कुठून काढता?"

तिने पदर गालावर ओढून घेतला. म्हणाली, "मागल्या खिडकीतून. नुसती दारू ठासते, छर्रे नाय. पुतन्या जमीन मागतो, अंगठा दे म्हनतो. बाईमानूस एकटं हाय हे कललं का बांध सरकतो, सायेब. बार झाला का तो येत नाय. त्याला पन वाटतं, काका हाय."

बंदूक भाताच्या कणगीत सापडली. नळी रिकामी करताना आधी छर्रेच बाहेर आले.

"नुसती दारू म्हणालात ना?"

"आज तो येनार हाय. तसा निरोप धाडलाय त्यानं."

बंदूक जप्त झाली, गुन्हा नोंदवला, पुढे कोर्टाने म्हातारीला जामीन दिला. पुतण्याला ठाण्यात बोलावून समज दिली.

लोकांकडे बंदुका असाव्यात की नसाव्यात, यावर टीव्हीवर वाद चालतात. मी नसाव्यात या बाजूचा. घरातली बंदूक शेवटी घरच्याच माणसावर उठते, हे मी सेवेत पाहिलं आहे. पण पत्नी गेल्यापासून मीही एकटा राहतो आणि दिवेलागणीला दाराची कडी दोनदा तपासतो. पंचनाम्यावर अंगठा उठवताना म्हातारीने विचारलं होतं, "मंग सांजचे तुमी येनार का?" शस्त्र काढून घेतलं की त्या जागी कुणीतरी उभं राहावं लागतं, हे मला तिथे कळलं.

मी हवालदाराला गस्त नेमून दिली. तो आठवडाभर गेला, मग निवडणुकीचा बंदोबस्त लागला. मी स्वतः एकदाही गेलो नाही.