तळ्याच्या गावचा बोअर

अण्णांना त्या गावाचं नाव कधीच म्हणता आलं नाही, म्हणून आमच्या घरात ते ‘तळ्याचं गाव’च राहिलं. गाव बोलिव्हियातलं. आपल्या गेवराईसारखं तालुक्याचं समजा. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांचा कारभार तिथून चालायचा, नगरपालिका तिथं, दाखले तिथं. नगरपालिकेच्या भिंतीवर एक होडी आणि एक मासा रंगवलेला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. भूशास्त्रात बीएस्सी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो. बोअर पाडणाऱ्या एका कंपनीनं तिकडचं काम घेतलं आणि जमिनीखालचं पाणी बघायला मला पाठवलं. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी जन्मभर गेवराई तालुक्यात पाण्याचा टँकर चालवला. पोरगं तळ्याच्या काठी राहायला चाललं म्हटल्यावर त्यांनी आमच्या गावच्या, तलवाड्याच्या चौकात सगळ्यांना चहा पाजला.

चहा पिता पिता त्यांच्याच वयाच्या एकानं विचारलं, “तळं हाय तर बोअर कावून पाडायलेत बे?”

“तुला न्हाई कळायचं,” अण्णा म्हणाले. “मोठी लोकं हायेत ती. दोनी ठिवतेत.”

विचारणाऱ्याचं बरोबर होतं. मी गाडीतून उतरलो तेव्हा समोर तळं नव्हतंच. नजर जाईल तिथपर्यंत पांढरी जमीन, वर मिठाचा पापुद्रा, आणि त्यात एका कुशीवर कलंडलेल्या होड्या. हवा इतकी विरळ की चार पावलं चाललो की धाप लागायची. पाणी आटून काही वर्षं झाली होती. विहिरीही खारट झालेल्या. प्यायचं पाणी टँकरनं यायचं.

मी एका बाईंच्या घरी खोली घेतली. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, नवरा वारलेला. पूर्वी तळ्यातली मासळी तळून विकायच्या. आता खाणावळीची पाटी तेवढी राहिली होती. रात्रीच्या थंडीत गोठवून, तुडवून वाळवलेल्या काळ्या बटाट्याचं कालवण त्या मला वाढायच्या. पहिल्या दिवशी ते घशाखाली उतरेना. पुढं पुढं मीच वाटी पुढं करू लागलो.

माझी सकाळ म्हणजे अण्णांची संध्याकाळ. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना दारात टँकर आला. अण्णा ओरडले, “थांब, थांब. मोबाइल फिरव तिकडं.”

मी फिरवला. बाया, पोरं, बादल्या, ढकलाढकली, दोघींचं भांडण.

“आरं, ही तर आपलीच लाइन की रे!” अण्णा हसत सुटले. मग म्हणाले, “त्या निळ्या ड्रमवाल्या बाईला सांग, पाइपावर पाय ठिवू नको म्हणावं. डायवर शिव्या देत आसंल मनातल्या मनात.”

ड्रमवाल्या बाई म्हणजे आमच्या घरमालकीणच. मी त्यांना मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं की वडील टँकर चालवायचे. त्यांनी स्क्रीनकडं बघून हात जोडल्यासारखं केलं. अण्णांनीही घाईनं टोपी नीट केली.

त्या गावात फिरताना मी दारांतले ड्रम बघायचो. ही आमच्याकडची सवय. ऊसतोडीला जाणारी घरं ड्रम दारात पालथा घालून, वर दगड ठेवून जातात. कुलूप कुणीही लावतं. पण पालथा ड्रम दिसला की समजायचं, माणसं परत येणार. तिथं अर्ध्या घरांना कुलपं होती आणि त्यांच्या दारात ड्रमच नव्हते.

बाईंचा मुलगा लांबच्या शहरात होता. ‘इथं ये’ म्हणून तो दर रविवारी फोन करायचा. त्यांचं उत्तर ठरलेलं: या बोअरला गोड पाणी लागलं तर मी इथंच राहीन, नाही लागलं तर येईन. गोड्या पाण्याला त्यांच्या भाषेतही गोडच म्हणतात. त्यामुळं तेवढं मला पहिल्यापासून कळायचं. रोज मी कामावरून आलो की त्या नुसत्या भुवया उंचावून विचारायच्या. मी मान हलवायचो. अजून नाही.

बोअरला सुरुवात करताना गावकऱ्यांनी धरणीमातेच्या नावानं जमिनीवर दारूचे थेंब शिंपडले. आईनं दिलेल्या पुडीतलं हळदीकुंकू मी मशिनीला लावलं. कुणी कुणाला हसलं नाही.

पाणी लागलं. भरपूर लागलं. फवारा उडाला तेव्हा लोक नाचले. मी क्षार मोजायचा मीटर बुडवला, आकडा बघून पुसला आणि पुन्हा बुडवला.

आकडा कळल्यावर नगराध्यक्ष माझ्याकडं आले. माणूस वाईट नव्हता. गाव ओस पडत चाललं होतं आणि नगरपालिका हमरस्त्यावरच्या मोठ्या गावी हलवायचं घाटत होतं. पाणी आहे असं झालं तर कार्यालय राहिलं असतं, कार्यालयासाठी चार माणसं राहिली असती. त्यांचं म्हणणं एवढंच की उद्या बोअरच्या समारंभात सगळ्यांसमोर एक पेला पी आणि हस. हिंदुस्थानातून आलेला शिकलेला माणूस प्याला म्हणजे लोकांना धीर येईल. पुढचं पुढं बघू.

मी अण्णांना फोन लावून सगळं सांगितलं. अण्णा लगेच म्हणाले, “गोड आसंल तर गोड म्हण, खारं आसंल तर खारं म्हण. पाण्याच्या बाबतीत खोटं बोलू न्हाई. लोकं लेकराला पाजतेत ते.”

दुसऱ्या दिवशी चौकात मांडव, ढोल आणि बासरीवाले. बाई पहिल्या रांगेत, हातात जग. माझ्या हातात पेला दिला. नुसतं खारट नव्हतं ते, कडूही होतं, जुलाबाचं औषध ढवळल्यासारखं. एक घोट घेतला. बाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी पेला खाली ठेवला आणि त्यांच्या भाषेत म्हणालो, “खारं आहे.”

बाई पुढं आल्या, बोअरच्या नळाखाली ओंजळ धरली, चाखलं, तोंड पुसलं आणि रिकामा जग घेऊन घराकडं चालू लागल्या. बासरीवाल्यांना बोलावलेलं होतं, म्हणून त्यांनी वाजवलं.

पुढच्या रविवारी मुलगा गाडी घेऊन आला. गाद्या, भांडी, देवाची तसबीर. मीही हात लावला. जाताना बाईंनी कापडात बांधलेले काळे बटाटे माझ्या हातात दिले आणि पाठीवर थोपटलं. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला.

“गेली का बाई?”

“गेल्या.”

“तू खरं तेच सांगितलंस ना?”

“सांगितलं.”

“मंग बरं केलंस.” मग हळूच विचारलं, “ड्रम पालथा घातला का तिनं?”

“न्हाई अण्णा. गाडीत टाकून नेला.”

फोन त्यांनी खाटेवर ठेवला असावा. बंद करायचं राहिलं. मला बराच वेळ आमच्या घराचे पत्रे तेवढे दिसत राहिले.