सापवाल्या बाबाचा दुसरा भाग

इबादानच्या मोकोला बाजारात अकांबी ओयेलारान शिरला की टोमॅटोवाल्या बायका आधी डोक्यावर हात ठेवतात. माणसाचे नशीब डोक्यात असते, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. तेव्हा दुसऱ्याचे नशीब डोक्यातून उपसून भोपळ्यात कोंडणारा माणूस समोरून पिशवी घेऊन येत असेल, तर डोके झाकलेले बरे. तो नट आहे, ते सगळे सिनेमातले आहे, हे त्या बायकांना कळत नाही असे नाही. पण हात ठेवायला काय जाते?

याचा खरा फायदा त्याच्या बायकोने उठवला. मुलाच्या नावावरून तिला सगळे इया कोला म्हणतात, म्हणजे कोलाची आई. ती नवऱ्याला बाजारात नेते ती काही पिशवी धरायला नव्हे.

“एवढ्याशाच मिरच्या? वाटा जरा भर की.”

“एवढाच परवडतो, इया कोला. देवाशपथ.”

“बरं बाई. अहो, इकडे या जरा.”

अकांबी जवळ येतो. बोलत काही नाही, फक्त घसा खाकरतो. वाटा भरतो.

त्याच्या आणि आमच्या घराची भिंत एकच आहे, म्हणून मला खरे काय ते माहीत आहे. नाताळच्या कोंबडीला सुरी लावायची वेळ आली की हा भोपळ्यात नशिबे कोंडणारा माणूस मला हाक मारतो, आणि स्वतः आत जाऊन रेडिओ मोठा करतो.

त्याचा जन्म ओयो गावातला. वडील शिंपी होते आणि यानेही मशीनवर बसायचे हे ठरलेले होते. एकदा गावात फिरत्या नाटकवाल्यांची लॉरी आली. टपावर ढोल, ढोलावर माणसे, आणि पुढे कर्ण्यातून ओरडणारे मालक, ओगा फादायिरो. त्यांच्या राजाचा झगा फाटला होता. तो शिवून झाल्यावर वडिलांनी सतरा वर्षांच्या अकांबीच्या हाती पोचता केला. झगा पोचला, पोरगा परतला नाही. म्हातारा पुढे जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत असे, “झगा उसवला तो मी शिवला. पोरगा उसवला तो उसवलाच.”

ओगा फादायिरो धोरणी होते. नटी दुसऱ्या मंडळीत पळून जाऊ नये म्हणून ते तिच्याशी लग्नच करून टाकत. त्यामुळे त्यांच्या नाटकात राणी आणि दासी भांडू लागल्या की ते भांडण अस्सल असे आणि पुष्कळदा नाटक संपल्यावरही चाले. अशा मंडळीत नव्या पोराला मिळून मिळून काय मिळणार? अकांबीला मुडद्याचे काम मिळाले. ओंडो गावात त्या मुडद्याला भर दरबारात शिंक आली. प्रेक्षकांनी उभे राहून देवाचे आभार मानले. ओगांनी मात्र पडद्यामागे त्याचा कान धरला.

“अरे मुडद्या, तुला नीट मरतासुद्धा येत नाही?”

हे त्याला लागले. त्याने मरणाचा अभ्यास सुरू केला. आधी डोळे विझवायचे, मग गुडघे सोडायचे, मग सगळे संपले असे वाटले की डावा पाय एकदा झाडायचा, आणि लोक उठू लागले की पुन्हा एकदा. दोनेक वर्षांत असे झाले की खेड्यापाड्यातून लोक ओरडत, “परत! परत मर!” आणि अकांबी उठून, धूळ झटकून, पहिल्यापेक्षा सरस मरत असे. चांगला मरणारा नट दुष्टाच्याच कामाचा, कारण आमच्याकडे नाटकात दुष्टाला मरावेच लागते. त्यात देवाने भुवयाही तशाच दिल्या होत्या. पुढे लॉऱ्या थांबल्या, टीव्ही आला. टीव्हीनंतर घरोघरी पाहायच्या सिनेमाच्या कॅसेट आल्या. अकांबी सगळीकडे गेला आणि सगळीकडे मेला.

फक्त एकदा मेला नाही. तीच ही गोष्ट.

त्या सिनेमात तो सापवाले बाबा होता. आबेनी नावाच्या गरीब पोरीचे नशीब तो मंत्राने उपसतो, भोपळ्यात कोंडतो, वर लाल फडके बांधतो आणि भुवया उडवत हसतो. तेवढ्यात पडद्यावर अक्षरे येतात : दुसरा भाग लवकरच. दुसऱ्या भागात आबेनीची आई त्याला गाठणार होती. पण निर्माता एबेनेझर याला मधल्या काळात परमेश्वराने हाक दिली. त्याने कॅमेरा विकला, खुर्च्या घेतल्या आणि पाद्री झाला. दुसरा भाग निघाला नाही. याला आता अकरा वर्षे झाली.

अकांबीच्या मुलाने, कोलाने, लग्न ठरवले ते इलेशा गावच्या मोरेनिकेशी. पोरगी गोड, शाळेत शिक्षिका. रीतीप्रमाणे आम्ही तिच्या घरी मागणी घालायला गेलो. कडक इस्त्रीच्या टोप्या, यामचे कंद, मागणीला लागतात ती कोलानटची कडू फळे, मध, सगळे बरोबर. बोलणे आखीव राहावे म्हणून मला नेले होते, कारण मी हिशेबाच्या खात्यातला. घरातल्या पुरुषमंडळींनी हसून स्वागत केले. मग दोन नातींच्या खांद्यांवर हात ठेवून मोरेनिकेची आजी आली. जन्मभर निळी रंगवलेली कापडे विकलेली ही बाई कोंबडीच्या पिलाएवढी, पण ती आली आणि तिचे तिन्ही मुलगे सरळ बसले. त्यांतले दोन वकील आहेत. घरात तिला इया अगबा म्हणतात, थोरली आई.

ती एकेकाचा चेहरा बघत, आशीर्वाद देत पुढे आली आणि अकांबीपाशी थांबली. तिचा एक हात स्वतःच्या डोक्यावर गेला, दुसरा मोरेनिकेच्या.

“याला आत कोणी घेतलं?”

“आई, हे मुलाचे वडील,” थोरले वकील म्हणाले.

“असतील. आबेनीचं नशीब कुठंय?”

“आबेनी कोण?” मी विचारले. खोलीतले सगळे माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी कालच जहाजातून उतरलो आहे.

अकांबीने खाली वाकून हात जमिनीला लावले. “मा, तो सिनेमा होता.”

“सिनेमा होता, तर संपायला नको? पोरीचं नशीब कोंडलंस, फडकं बांधलंस आणि दात काढून हसलास. दुसरा भाग कुठंय?”

“निघालाच नाही, मा. निर्माता पाद्री झाला.”

“वा! म्हणजे ते अजून कोंडलेलंच आहे. चोर मोकळा आणि ज्यानं चोराला धरायचं तो चर्चमध्ये गातोय. अशा घरात मी माझी नात देऊ? येत्या शनिवारी माझ्या डोळ्यांसमोर आधी निकाल लाव, मग बोल.”

आजीने डोक्यावर हात ठेवल्याशिवाय त्या घरातून मुलगी निघत नाही. वकिलांनी आम्हाला बाहेर आणून माफी मागितली. कायद्यात काही करता येईल का, असे मी विचारले. धाकटे म्हणाले, “साहेब, तुम्ही आमच्या आईला ओळखत नाही.” त्यांनी याम ठेवून घेतले आणि आम्हाला परत पाठवले.

गाडीत कोला म्हणाला, “बाबा, एखाद्या सिनेमात तरी चांगले वागला असतात.”

“वागलो होतो रे,” अकांबी म्हणाला. “चर्चमधला सज्जन म्हातारा झालो होतो. लोक शेवटपर्यंत वाट बघत बसले, हा आता विष घालेल, आता घालेल. नाही घातलं तर कॅसेट परत करायला आले.”

कोला हसला नाही. त्या दिवसापासून त्याने जेवण टाकले, आणि इया कोलाने नवऱ्याशी बोलणे.

अकांबी मग एबेनेझरला गाठायला गेला. मी सोबत होतो. पाद्रीबुवांनी आम्हाला पहिल्या रांगेत बसवले.

“ते सगळं सैतानाचं काम होतं, बंधू. मी ते विसरलो.”

“शेवट काय ठरला होता, तेवढं आठवून सांग.”

“शेवटी सगळ्यांचाच न्याय होणार आहे.”

“माझा इलेशाला व्हायला पाहिजे. शनिवारी.”

पाद्रीबुवांनी डोळे मिटून अकांबीच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच्यातला साप निघून जावा म्हणून प्रार्थना केली. साप निघेना तेव्हा आम्ही निघालो.

दुसरा भाग आपणच करायचा, हे परतताना ठरले. सिनेमातला वाळका भोपळा घरातच होता. इया कोला त्यात आंबवलेल्या बियांचे इरू ठेवत असे, ज्याच्याशिवाय आमच्या भाजीला चव नाही आणि ज्याचा वास पाण्याने काय, पापक्षमेनेही जात नाही.

“माझं इरू कुठं ओतू?” हे तिचे त्या आठवड्यातले नवऱ्याशी पहिले वाक्य.

“अगं, पोराचं लग्न अडलंय!”

“ते कळतंय. इरू कुठं ओतू ते सांगा.”

शनिवारी इलेशाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दुसरा भाग निघाल्याची बातमी गल्लीभर झाली होती. बायका घरून स्टूल घेऊन आल्या होत्या. इया अगबा मधोमध वेताच्या खुर्चीत, हात डोक्यावर. मोरेनिके दारात उभी होती, ओढणीचे टोक चावत. कोला आणि त्याचे मित्र भिंतीशी, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे.

अकांबी आला. जुना काळा झगा, गळ्यात रबरी साप, हातात लाल फडक्याचा भोपळा. अंगणभर हात डोक्यांवर गेले. माझाही गेला, हे कबूल करतो. त्याने भुवया उडवल्या आणि ते जुने हसू हसला. मग एकदम थबकला, जणू पाठीमागे कोणी उभे आहे. थरथरत गाठ सोडली. नशीब बाहेर पडले. पहिल्या रांगेने नाकाला पदर लावला.

“कुजलंय की गं!” एक बाई म्हणाली.

“अकरा वर्षं कोंडल्यावर काय होणार?” दुसरी म्हणाली.

अकांबीचे डोळे विझले, गुडघे सुटले, तो पडला. डावा पाय झाडला. थांबला. पुन्हा झाडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

इया अगबाचा हात डोक्यावरच होता.

“एवढ्यात? मारलं कोणी याला? आबेनीची आई कुठंय?”

दुष्टाला मरता येते, पण मारणारा हवा, आणि आईचे काम करणारी नटी केव्हाच लंडनला गेली होती. अकांबी जमिनीवरूनच एक डोळा उघडून माझ्याकडे पाहू लागला. कोलाने तोंड भिंतीकडे फिरवले.

“ऊठ,” इया अगबा म्हणाली. “मुसळ आणा गं.”

याम कुटायचे मुसळ आले. ते तिच्याहून उंच होते. ती खुर्चीतून उठली, लुगडे खोचले, आणि तो कोंबडीच्या पिलाएवढा जीव अंगणभर गरजला, “आबेनीचा बाप मेला, पण मी, तिची आई, जिवंत आहे! नशीबचोरा, भोपळा खाली ठेव!”

अकांबीचा चेहरा मला दिसत होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्याला असा जोडीदार मिळाला नसेल. तो मागे हटला, गयावया करू लागला, साप तिच्यावर सोडला. तिने साप मुसळाने उडवून थोरल्या वकिलाच्या मांडीवर टाकला. अंगण उभे राहिले. तिसऱ्या फेरीत मुसळ त्याच्या खांद्याला टेकले मात्र, आणि तो असा मेला की सगळे गप्प झाले. पालथा, हात पसरलेले, कपाळ मातीत. पाय झाडला नाही. आम्ही वाट पाहिली. तरी झाडला नाही.

“अहो!” इया कोला ओरडली. “कोलाचे बाबा!”

मी धावलो. साठी उलटलेला माणूस, त्यात ते ऊन. मी आणि म्हातारी एकदमच त्याच्याजवळ वाकलो, म्हणून पुढचे फक्त आम्हा दोघांना ऐकू आले.

“मा,” मातीतून आवाज आला, “आता उठू का?”

“गप पड,” म्हातारी कुजबुजली. “लोक बघतायत. सिनेमा कसा करतात ते मला शिकवतोस?”

मग ताठ होऊन ती ओरडली, “मेला! पोरीचं नशीब सुटलं!” आणि डोक्यावरचा हात काढून तिने तो मोरेनिकेच्या डोक्यावर ठेवला. या वेळी झाकायला नव्हे.

कोलाने ते पाहिले. बाप जमिनीवर पालथा, आजीचा हात मोरेनिकेच्या डोक्यावर, म्हणजे रीतीतल्या नवऱ्यामुलाच्या लोटांगणाची वेळ झाली, असे त्याने धरले आणि मित्रांसकट बापाच्या शेजारी धाडकन लोटांगण घातले. एवढी लांब आणि एवढी सरळ रांग त्या गल्लीने पाहिली नव्हती. रांगेच्या टोकाचा मेलेला होता, पण आशीर्वादात त्यालाही धरले गेले.

जेवताना म्हातारीने आपल्या हाताने अकांबीच्या ताटात बोकडाचा मोठा तुकडा वाढला. “खा. मारलेल्याला उपाशी पाठवत नाही आम्ही.” आणि हळूच, “तिसरा भाग काढणार असशील, तर मला आधी सांग.”

लग्न थाटात झाले. कोला आता चांगला जेवतो.

मोकोला बाजारात मात्र बायका अजून डोक्यावर हात ठेवतात. त्यांनी पहिलाच भाग पाहिला आहे. परवा अकांबी म्हणाला, एखाद्या रविवारी तिथेही दुसरा भाग करून दाखवावा, बिचाऱ्यांचे हात तरी मोकळे होतील. इया कोला टोमॅटो चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

“करून तर बघा,” ती म्हणाली.