कवळीवाल्याचा वैद्य

आमच्या गल्लीतला कवळीवाला म्हणजे गरीब गाय. दिवसभर मेण वितळवायचा, प्लॅस्टरचे जबडे घासायचा आणि म्हाताऱ्यांना "चावून बघा बरं" म्हणून लाडीगोडी लावायचा. रविवारी शटर अर्धं ओढलं की त्याच टेबलावर आम्ही फासे टाकत एका काल्पनिक राज्यात भटकायचो. त्याचं पात्र वैद्य, त्याच्या साडूचं चोर, सोबत चोराचं सामान वाहणारं लाडकं गाढव. खेळ चालवणारा गोष्ट रचायचा आणि राक्षस-दुष्टांच्या वतीने खेळायचा; ही पाळी वर्षागणिक फिरे. त्या वर्षी ती माझी होती.

एकदा चोराने स्वतःचा जीव वाचवायला वैद्याला राक्षसाच्या गुहेत कोंडलं. वर साडू हा पराक्रम सासऱ्यांना दर जेवणाला तिखटमीठ लावून ऐकवायचा. वैद्य कसाबसा सुटला, पण येताना तिथली शापविद्या घेऊन आला. नियम असा, की शाप हमखास लागतो, पण दर शापाला वैद्याचा एक दात काळा पडतो. सगळे काळे झाले की वैद्य दुष्ट होणार आणि खेळ चालवणाऱ्याच्या ताब्यात जाणार. कवळीवाल्याने बरणीतले खरेखुरे नकली दात काढून ओळीने मांडले.

शहाणा माणूस अशी विद्या संकटासाठी राखतो. ह्याने पहिलाच शाप चोराला शिंका याव्यात म्हणून दिला. तोही चोर राणीच्या पलंगाखाली लपलेला असताना!

"अहो, इतकी वर्षं जपलाय तो वैद्य," त्याची बायको कळवळली. "त्या माणसापायी घालवणार?"

"जाऊ दे. पण त्या चोराला घेऊन जाऊ दे."

असल्याच शापांत एकेक दात काळा पडत गेला. शेवटचा दात मात्र त्याने राखला. वर्षाच्या शेवटच्या रविवारी, सगळे उठत असताना, त्याने चोराला टक्कल पडायचा शाप दिला आणि दात शाईत बुडवला.

साडू खो खो हसला. "टकलासाठी वैद्य घालवलास? अरे, आता तो तुझा नाही, खेळ चालवणाऱ्याचा!"

"हो ना. आणि पुढच्या रविवारपासून खेळ कोण चालवणार, साडूभाऊ?"

साडूचा चेहरा ओल्या प्लॅस्टरसारखा झाला.

पुढच्या रविवारी दुष्ट वैद्याने चोराचे असे हालहाल केले, की मध्येच मला पाणी मागावं लागलं.

"झालं समाधान?" बायकोने विचारलं. "भला वैद्य मात्र कायमचा गेला."

कवळीवाल्याने काळ्या दातांवरून बोट फिरवलं. "गेला खरा," तो हळूच म्हणाला. मग फासे उचलले.

"पण समाधान कुठलं? चोराचं गाढव अजून जिवंत आहे."